नाना कोर्सला आहेत

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या डोळ्यांत पाहावं, असं पुष्कळ थोर लोकांनी लिहून ठेवलं आहे. त्यांपैकी एकही जण पुंडलिकनानांच्या समोरच्या घरात राहत नव्हता. नाना डोळ्यांत पाहत नाहीत. ते घोट्यांकडे पाहतात.

मी धुळ्यात देवपूरला राहतो आणि तिथल्याच एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सकाळी मी स्कूटर बाहेर काढतो तेव्हा नाना त्यांच्या फाटकाशी उभे असतात. नमस्कार वगैरे नंतर. आधी त्यांची नजर माझ्या चपलांपासून वर चढत जाते आणि गुडघ्यापाशी अडते.

"सर, डावा पाय आत पडतोय," ते सांगतात. "आज काही पळायबिळायचं तर नाही ना?"

इतिहासाच्या प्राध्यापकावर पळायची वेळ सहसा येत नाही. पण नाना इतक्या काळजीने विचारतात, की ती आजच येणार असं वाटायला लागतं. त्या दिवशी मी कॉलेजचा जिना कठडा धरून उतरतो.

नानांनी साठी ओलांडली आहे. अंगाने किरकोळ, पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, आणि खांद्याला एक निळी पिशवी. पिशवीत चिकटपट्ट्या, गुंडाळायचे बँडेज, बोथट टोकाची कात्री, कापूस, आणि एका जुन्या थर्मासात बर्फ. बर्फ रोजचा ताजा. तो संध्याकाळपर्यंत कोणाला लागला नाही तर नाना सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि तुळशीला घालतात. त्यांची तुळस चांगली नाही.

आयुष्यभर ते एका सरकारी कचेरीत लिपिक होते. त्या नोकरीत त्यांनी कोणालाही कधी 'नाही' म्हटलं नाही. 'हो' म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता. "वर विचारून सांगतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वर कोण होतं आणि त्याला कधी विचारलं जायचं, हे कोणालाच कळलं नाही. नाना निवृत्त झाले तेव्हा बरीच माणसं अजून उत्तराची वाट पाहत होती. त्यातल्या काहींनी निरोप समारंभात त्यांना हारही घातले.

असा माणूस खेळाडूंच्या दुखापतींकडे कसा वळला, याचं कारण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची हौस हे आहे. अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांना दरवर्षी काहीतरी सुरू करावं लागतं. एका वर्षी त्यांनी सामुदायिक महाविद्यालय नावाच्या योजनेखाली वर्षभराची एक पदविका सुरू केली: खेळाडूंचा सराव, दुखापती आणि उपचार. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, की या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले विद्यार्थी उद्या जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर दिसतील. त्या वेळी अभ्यासक्रमाकडे स्वतःचं मैदान नव्हतं, आणि हाडांचा सापळा जीवशास्त्र विभागाकडून मागून आणलेला होता. त्याला डावा तळपाय नव्हता. एक हार उरला म्हणून शिपायाने तो सापळ्याच्या गळ्यात घातला, आणि पुढचा आठवडाभर तो तसाच होता, कारण काढायला कोणी सांगितलं नाही.

माहितीपत्रकात शेवटी एक ओळ होती: वयाची अट नाही. अशी ओळ घालायची पद्धत असते. ती कोणी मनावर घेत नाही. नानांनी घेतली.

वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. कोणाला व्यायामशाळा काढायची, कोणाला पोलिसभरतीत उपयोग होईल अशी आशा, कोणी नुसतेच आलेले. नाना पहिल्या बाकावर. कोर्स चालवायचे आमचे क्रीडाशिक्षक देसले सर. तेच शिकवणार, तेच परीक्षा घेणार, आणि कॉलेजच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षकही तेच. माणूस वाईट नाही, फक्त एकाच वेळी फार ठिकाणी असतो.

देसले सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि पुढे ते विसरून गेले. नानांनी ते अंगात मुरवून घेतलं. आधी विचारायचं, मग हात लावायचा. म्हणजे कोणी पडलं की लगेच त्याला ओढून उभं करायचं नाही. आपल्याकडे माणूस पडला की चार जण त्याला काखेत धरून उचलतात, कपडे झटकतात आणि "काही झालं नाही, चाल" असं सांगतात. त्याला काय झालं हे त्याच्याआधी त्यांना कळलेलं असतं. नाना आता या प्रथेच्या विरोधात एकटे उभे होते. रस्त्यात कोणाची सायकल कलंडली की नाना दोन्ही हात पसरून धावत. "थांबा. हालू नका." मग वाकून, "कोठे दुखस?" सायकलवाला उठून गेलेला असायचा.

गल्लीतले एक आबा वारले तेव्हा मी स्मशानात निघालो होतो. तिरडी उचलायची वेळ झाली, बायकांचा आवाज वाढला, आणि त्यात नानांचा आवाज आला, "कंबरेतून नका उचलू. गुडघ्यात वाका. पाठ सरळ." सगळे क्षणभर थांबले. मग गुडघ्यांत वाकले. खरं सांगायचं तर इतकी अलगद उचललेली तिरडी मी त्याआधी पाहिली नव्हती. आबांच्या मुलाने नंतर दहाव्याला नानांना विचारलं, की त्याची स्वतःची पाठ दुखते, त्याला काय करावं.

डिसेंबरात शेजारच्या घरचं लग्न होतं. धुळ्याची थंडी, वरातीत लोक मफलर बांधून नाचत होते, आणि बाजूने नाना बर्फाचा थर्मास घेऊन चालत होते. नवरदेवाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते घोडीकडे पाहत होते.

"मागला उजवा पाय टेकत नाही ती," ते घोडीवाल्याला म्हणाले.

"नाना, ती जलमपासून अशीच चालस," घोडीवाला म्हणाला. "वरात संपू द्या."

नाना वरात संपेपर्यंत घोडीच्या मागे चालले. घोडीला काही झालं नाही. घोडीच्या मागे चालल्यामुळे नानांच्या बुटांना जे व्हायचं ते झालं.

ज्ञानाने माणूस निर्भय होतो असं मी वर्गात अधूनमधून सांगतो. नानांच्या बाबतीत उलट घडत गेलं. देसले सर एक दुखापत शिकवत आणि नाना एक नवी भीती घेऊन घरी येत. खांदा शिकवला त्या आठवड्यात ते दोरीवर धुणं वाळत घालायला घाबरत होते. संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचे. "सर, तुम्हाला ठाऊक शे का, एका गुडघ्यात किती गोष्टी तुटू शकतात?"

"नाही, नाना."

"नका घेऊ माहिती करून. मी घेतली, आता बसायची पंचाईत झाली."

त्यांची सगळ्यात मोठी भीती मात्र निराळी होती. वर्गातल्या वर्गात ते उत्तम होते. पण वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एका खऱ्या स्पर्धेत खऱ्या खेळाडूंसोबत राहायचं होतं, आणि तेच प्रात्यक्षिक. "आणि खरंच कोणी पडलं तर?" नाना मला विचारत. मी म्हणालो, त्यासाठीच तर हा कोर्स आहे. ते म्हणाले, हो, पण पडलं तर?

वर्गात पट्टी बांधायचा सराव जोडीजोडीने होई: एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं आणि बांधायचं. पोरांना रुग्ण होण्याचा कंटाळा. नाना दरवेळी हात वर करत. मग कधी हात गळ्यात, कधी घोटा जाडजूड गुंडाळलेला, अशा थाटात ते देवपूरच्या रस्त्याने घरी येत. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरची भाजीवाली अक्का टोपली सोडून धावली. "काय व्हयनं नाना?" नानांनी तिला सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ती नुसतं "आज हात का?" एवढंच विचारू लागली. नंतर तेही बंद झालं.

नानांच्या वाट्याला प्रात्यक्षिकासाठी मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आली. स्पर्धा एरंडोलला. संघासोबत एक प्राध्यापक द्यावा लागतो, आणि इतिहासाच्या माणसाला काही काम नसतं अशी प्राचार्यांची प्रामाणिक समजूत असल्यामुळे तो मी होतो. पहाटे अंधारात आम्ही निघालो. जीपमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. नाना पुढे बसून पिशवी छातीशी धरून होते आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून मोजणी केल्यासारखे सगळ्यांकडे पाहत होते.

संघाची मुख्य खेळाडू उज्ज्वला. बोदवडकडची, घरी कापसाची शेती, इथे वसतिगृहात राहून शिकणारी. चढाईला गेली की रिकाम्या हाताने परत यायची नाही. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघाची निवड करणारी मंडळी फक्त अंतिम सामना पाहायला येणार होती, आणि त्या संघात जाण्यासाठी ती तीन वर्षं मैदानावर घासत होती. हे नानांना ठाऊक होतं. जीपमध्ये तिनेच सांगितलं होतं: "नाना, आज मला काही होऊ देऊ नका." थट्टेत म्हणाली होती. नानांनी ते थट्टेत घेतलं नाही.

उपांत्य सामना सकाळी आम्ही सहज जिंकला. मग अंतिम सामना रखडला, कारण प्रमुख पाहुणे भाऊसाहेब होते आणि ते यायचे होते. आमच्याकडे अंतिम सामना खेळाडू तयार झाले की सुरू होत नाही, पाहुणे आले की होतो. मुली ऊन डोक्यावर येईपर्यंत मंडपाच्या कडेला बसून होत्या. नाना त्यांच्यामध्ये फिरत होते. "अंग थंड पडू देऊ नका. हालत ऱ्हा." बाकी वर्षभर सगळ्यांना हलू नका म्हणणारा माणूस. मुली हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांच्या हातातलं बँडेज पुन्हा पुन्हा उलगडलं जात होतं आणि पुन्हा गुंडाळलं जात होतं.

भाऊसाहेब आले, खेळाडूंची ओळख झाली, भाषण झालं. त्यात खान्देशच्या कन्या जग जिंकतील असं होतं. मग सामना सुरू झाला.

मध्यंतराच्या जरा आधी उज्ज्वला चढाईला गेली. समोरच्या दोघींनी तिला कंबरेत धरलं, ती मध्यरेषेकडे झेपावली, आणि तिघी एकावर एक पडल्या. बाकीच्या दोघी उठल्या. उज्ज्वलाचं डोकं कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटलेलं मी पाहिलं. आवाजही ऐकला. ती पडून राहिली. फार वेळ नाही, पण मंडप गप्प होण्याइतका.

मग नेहमीचं सगळं झालं. कोणी बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. कोणी कुठून तरी कांदा फोडून आणला आणि तिच्या नाकाशी धरला. दोघांनी तिला काखेतून धरून बसतं केलं. "काही झालं नाही, ऊठ," असं एकाने तिला कळवलं.

"थांबा. हालू नका." नाना पोचले होते. त्यांचा चेहरा तिच्याहून पांढरा होता. कांदेवाल्याला त्यांनी बाजूला केलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "कोठे दुखस?"

"कुठेच नाही."

"आपण कोठे शेत आत्ता? गाव कोणतं?"

"एरंडोल," मंडपातून चार-पाच जणांनी सांगितलं.

"एरंडोल," उज्ज्वला म्हणाली.

"आज वार कोणता?"

"शनिवार," मंडप.

"शनिवार," उज्ज्वला.

"समोर कोणता संघ शे?"

याचं उत्तर समोरच्या संघानेच दिलं. आमच्याकडे उत्तर येत असताना गप्प बसणं उद्धटपणाचं मानतात. कोणाची परीक्षा चालली असेल तर मदत करायची, हे लहानपणापासूनचं वळण आहे, आणि मी ते दरवर्षी मार्चमध्ये खिडकीबाहेर पाहतो. नाना गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. त्यांनी शिकलेल्या धड्यात रुग्ण एकटा होता. त्याच्या मागे मंडप नव्हता.

ते पुन्हा तिच्याकडे वळले. मग विचारलं, "सकाळी डब्यात काय आणलं होतं तू?"

मंडप गप्प झाला. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

उज्ज्वलाने नानांकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली मातीकडे पाहिलं. "डब्यात," ती म्हणाली, आणि थांबली. आम्ही सगळे वाट पाहत होतो. ती काही बोलेना. दोन दिवसांपूर्वी नानांनी माझ्या पायरीवर बसून डोक्याच्या माराबद्दल जे जे सांगितलं होतं, ते सगळं मला एकदम आठवलं, आणि आठवायला नको होतं.

नाना उठले. "सर, ही नाही खेळणार."

"नाना," देसले सर जवळ येऊन म्हणाले, "डबा आठवत नाही म्हणून कोणी अंतिम सामना सोडतं का? मी काल काय जेवलो ते मला आठवत नाही."

"तुमच्या डोक्याला गुडघा नाही लागला, सर."

"नाना, तुमचं प्रात्यक्षिक चालू आहे. मार्क मी देणार आहे, लक्षात आहे ना?"

"हो सर. लक्षात शे. प्रात्यक्षिक चालू शे म्हणूनच सांगतो."

देसले सरांनी व्यासपीठाकडे बोट केलं. भाऊसाहेब घड्याळ पाहत होते, आणि त्यांच्या शेजारी निवड करणारी मंडळी. "मग वर विचारा."

नानांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता हे विचारून येतो म्हणणार. नोकरीची सगळी वर्षं ज्या दाराआड ते उभे राहिले होते, ते दार देसले सरांनी त्यांना आयतं उघडून दिलं होतं.

"नाही," नाना म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच 'नाही' असावा. सवय नसल्यामुळे तो नीट ऐकू आला नाही. त्यांना तो पुन्हा म्हणावा लागला. मग ते सीमारेषेच्या आत, उज्ज्वलाच्या शेजारी, मांडी घालून बसले.

"नाना, उठा ना," उज्ज्वला म्हणाली. "मले काही नाही झालं. माझं शेवटचं वर्ष आहे, नाना. पाया पडते तुमच्या."

"ठाऊक शे मला," नाना म्हणाले. ते उठले नाहीत. मैदानात माणूस बसला असताना सामना सुरू करता येत नाही असं पंचांनी सांगितलं. मंडपातून कोणीतरी ओरडलं, "अहो आजोबा, तुमची पण विकेट पडली का?" शेवटी तिच्या जागी दुसरी मुलगी उतरली तेव्हाच नाना उज्ज्वलाला घेऊन बाहेर आले. आम्ही सामना थोडक्यात हरलो, असं नंतर कळलं. आम्ही तोवर जीपमध्ये होतो.

एरंडोल ते जळगाव रस्ताभर उज्ज्वला मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि नाना तिला झोपू देत नव्हते. दर थोड्या वेळाने वळून विचारायचे, "मळमळतंय का? अंधारी येतेय का?" ती उत्तर देत नव्हती. उत्तर दिलं नाही की नाना आणखी घाबरायचे आणि आणखी विचारायचे. शेवटी ती म्हणाली, "नाना, तुम्ही माझ्याशी बोलू नका." नानांना तेवढ्याने जरा बरं वाटलं. वाक्य स्पष्ट होतं, असं ते मला म्हणाले.

जळगावच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"मी कोर्सला शे," नाना म्हणाले.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

मी इतिहास शिकवतो असं सांगितलं. तिने आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. तिच्या वडिलांना फोन झाला होता, ते बोदवडहून गाडीने निघाले होते. नाना पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे पाहत बसले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "नाना, या वयात हाच कोर्स का घेतला? भजनी मंडळ होतं, बागकाम होतं."

त्यांनी थर्मासाचं झाकण घट्ट केलं.

"आमचा पोरगा पुण्याला शे," ते म्हणाले. "दर रविवारी फोन करतो. चांगला शे पोरगा. 'बठ्ठं ठीक ना? सगळं बरं ना?' म्हणून विचारतो. आता या प्रश्नाला 'हो' शिवाय काय उत्तर शे, सर? आमची ही होती तोवर तीच बोलायची त्याच्याशी, मी नुसता बसायचो. आता मी 'हो' म्हणतो आणि फोन ठेवतो." त्यांनी पिशवीची चेन लावली आणि उघडली. "इथं वर्गात पहिल्याच दिवशी एका पोराने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, नाना, कुठे दुखतंय? नीट दाबून दाबून विचारलं. त्याला विचारावंच लागतं. ते अभ्यासक्रमातच शे."

मी दाराकडे पाहू लागलो.

डॉक्टर बाहेर आले. स्कॅनमध्ये काही नाही, म्हणाले. हलका धक्का बसला असेल, आठवडाभर खेळ नको, डोकं दुखलं तर लगेच या.

"डॉक्टर," नाना उभे राहिले, "ती खेळली असती तर?"

"बहुतेक काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

धुळ्यापर्यंत नाना तो एकच शब्द अधूनमधून स्वतःशी म्हणत होते. बहुतेक. माझ्या घराशी उतरतानाही. तो शब्द त्यांना सुखाचा वाटत होता की दुःखाचा, मला सांगता आलं नसतं. त्यांनाही आलं नसतं.

सोमवारी कॉलेजात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी देसले सरांना बोलावून वयाची अट घालण्याबाबत विचारणा केली होती. निवड समितीने आमच्या संघातली एक मुलगी विद्यापीठासाठी घेतली होती: उज्ज्वलाच्या जागी उतरलेली. नाना वर्गात जात राहिले, पण रुग्ण होण्यासाठी हात वर करीनात. पोरांनी त्यांना आग्रह केला तरी नाही. संध्याकाळी माझ्या पायरीवर येत आणि बर्फ वितळताना पाहत बसत.

असाच एक आठवडा गेला. एका संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या फाटकाशी उभे होतो आणि उज्ज्वला आली. चालत, एकटी. नानांनी सवयीने तिच्या घोट्यांकडे पाहिलं आणि मग घाईने वर.

"डोकं दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नाना, मला एक सांगायचं आहे. तुम्ही डबा विचारला ना मला. मी डबा आणलाच नव्हता."

नानांनी खांद्यावरची पिशवी काढून फाटकाला अडकवली.

"आम्ही पहाटे निघालो तेव्हा वसतिगृहाचा डबा यायचा होता. बाकीच्या मुली धुळ्यातल्याच, त्यांचे डबे घरून होते. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. एवढ्या लोकांसमोर काय सांगू, डबा नाही म्हणून? तोच विचार करत होते मी. तुम्हाला वाटलं मला आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. तुम्ही मला त्या डब्यावरून बसवलंत, नाना." तिचा आवाज चढला नव्हता, पण हे वाक्य तिने रस्ताभर तयार करत आणलं होतं हे दिसत होतं.

मला वाटलं, नाना आता डॉक्टरांचं नाव काढतील. डॉक्टरांनी धक्का बसला असेल असं म्हटलंच होतं. किंवा हात जोडून माफी मागतील. नानांनी फाटक धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती मी चांगली ओळखत होतो, फक्त ती भलत्याच दिशेला निघाली होती.

"म्हणजे सकाळपासून खाल्लं काय होतं तू?"

"काय?"

"दोन सामने खेळली. दुपार झाली होती. पोटात काय होतं तुन्हा?"

"चहा," ती म्हणाली.

"आणि?"

"बिस्किट. एक जणीने दिलं."

"आणि आदल्या दिवशी?"

ती भांडायची तयारी करून आली होती. या प्रश्नाची तयारी तिने केलेली नव्हती. ती फाटकाची कडी वर करत राहिली आणि खाली सोडत राहिली. मग म्हणाली, सरावाला उशीर झाला की वसतिगृहाचं जेवण संपलेलं असतं. पुष्कळदा होतं असं. त्यात काय एवढं.

"आणि हे कोणी विचारलं नाही तुले?"

"कोण विचारणार?" उज्ज्वला म्हणाली.

नाना आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. ती जाईना, आणि मलाही जाता येईना.

त्यानंतर नाना रोज संध्याकाळी मैदानावर डबा घेऊन जाऊ लागले. स्वयंपाक स्वतः करत, कधी कोपऱ्यावरच्या अक्काला विचारून, बऱ्याचदा न विचारता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, आणि वांग्याचं भरीत, ज्याच्यावर तेलाचा थर असा उभा असे की वांगं कुठे आहे ते शोधावं लागे. उज्ज्वला त्यांच्याशी अजूनही फार बोलत नसे. एकदा मात्र म्हणाली, "नाना, तेल जरा कमी टाका." नाना म्हणाले, खेळाडूच्या अंगात ताकद कुठून येणार? ती तेल पुसून पुसून खायची. हळूहळू बाकीच्या मुलीही डब्याभोवती बसायला लागल्या, आणि नानांनी मोठा डबा घेतला.

जूनमध्ये पदविकेचा निकाल लागला. देसले सरांनी नानांना प्रात्यक्षिकात पास केलं. लेखी परीक्षेत मात्र ते एका विषयात नापास झाले. विषय होता खेळाडूंचा आहार.